काकाजींची फुलदाणी

सिंदेवाहीत राईस मिली पुष्कळ, पण खानदानी फुलदाणी आमच्या काकाजींकडेच. मालगुजारी 1951 साली गेली, तलाव सरकारजमा झाले. घरात उरली ही फुलदाणी आणि तिची कहाणी. कहाणी दर पाहुण्यागणिक वाढते.

फुलदाणी निळी, दोन कानांची. अंगावर पांढऱ्या उठावात ग्रीक बायका आणि माळा. अठराव्या शतकात जोसाया वेजवुडने इंग्लंडात असला ग्रीक-रोमन थाट मातीत उतरवला आणि पुढे नकलांचा पूर आला. काकूंच्या मते त्या बायका हळदीकुंकवाला निघाल्या आहेत आणि एकीचाही पदर धड नाही.

"रघुजी महाराजांनी आमच्या खापरपणज्याले देल्ली!" म्हणजे नागपूरचे रघुजी भोसले 1853 साली वारले, त्याच्या आधीची. पुतण्याने एकदा ती उलटी केली. बुडाशी शिक्का : 'इंग्लंड'. अमेरिकेच्या 1890च्या जकात कायद्यानंतर मालावर देशाचं नाव घालायची पद्धत रूढ झाली, असं त्याने सांगितलं. काकाजी हरखले. "पाहा जी! हिच्यासाठी अमेरिकेनं कायदा केला!"

जाणकाराचं नाव काढलं की मात्र बिनसतं. "भद्रावतीला ग्रामोदय संघात मातीकामाची माणसं आहेत, दाखवू या," म्हटलं, तर "नोको जी, रस्त्यात खड्डे हायेत." भाच्याच्या लग्नात मिरवायला ती काकाजींच्या मांडीवर बसून थेट चंद्रपूरला जाऊन आली, तेव्हा हेच खड्डे कुठे गेले होते कोण जाणे.

मग दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम आला. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, रात्री नाटक मंडळींना बंगल्याच्या सेटवर शोभेची वस्तू हवी होती. काकाजींनी फुलदाणी दिली आणि पहिल्या रांगेत खुर्ची मांडली. नायिकेने विष घेतलं, बापाने टाहो फोडला, अख्खा मंडप रडला. काकाजींची नजर टेबलावर. पहाटेच्या सुमारास खलनायकाने त्याच टेबलावर मूठ आपटली. काकाजी ताडकन उभे राहिले : "अबे, बापाचा खून कर, पन टेबलाले हात नोको लावू!"

टाळ्या कडाडल्या. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. खलनायक कसलेला गडी. फुलदाणीला हात जोडून दोन पावलं मागे सरला आणि मग बापाचा खून केला.

आता पाहुणा आला की काकाजी रघुजी महाराजांना दोन वाक्यांत उरकतात. "रंगभूमीवर काम केलं जी इनं," ते सांगतात, "अन् एक पैसा घेतला नाही!"