उंदरं पाळणारी भाची

"बाई, तुमची भाची पुण्याला उंदरं पाळती म्हनं?"

वसमत रोडच्या आमच्या कॉलनीत बातमी कंपाऊंडच्या भिंतीवरून फिरते. आक्का सूप घेऊन भिंतीशी आल्या की डाळ निवडून होईस्तोवर निम्मी कॉलनी निवडून होते.

"पाळत नाही हो आक्का. पीएचडी करते. उंदरांच्या हाडातल्या मज्जेवर, बोनमॅरोवर."

"म्हंजे मटनाच्या नळीत असतंय ते?"

"तेच."

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण अस्थिमज्जा इतक्या लवकर कुणालाच कळली नव्हती.

"मंग त्या नळीत काय हुडकायली ती? पोरगी तीशीला आली, आई इकडं सोयरीक हुडकायली, अन् ही तिकडं नळी!"

"आक्का, आपलं रक्त तिथं तयार होतं. तांबडी पेशी चार महिने जगते, 120 दिवस. मेलेल्यांच्या जागी दर सेकंदाला वीसेक लाख नव्या लागतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी मज्जेतल्या मोजक्या मूळपेशी असतात, आणि त्यांतल्या बहुतेक एरवी झोपलेल्या."

"झोपून खातेत? आमच्या धाकट्यावानी?"

"गरज पडली की उठतात. एकीच्या दोन होतात, त्यातली एक पुन्हा मूळपेशी म्हणून राहते, दुसरी रक्त व्हायच्या वाटेला लागते. हा हिशोब बिघडला आणि कच्च्याच पेशी बेसुमार वाढायला लागल्या की ब्लड कॅन्सर."

आक्कांनी सूप भिंतीवर ठेवलं. कॅन्सर म्हटलं की त्यांचा हात थांबतो. नणंद त्यातच गेली.

"आणि भाचीचं म्हणणं असं," मी सांगितलं, "की नुसती मूळपेशी चांगली असून भागत नाही, तिला शेजार चांगला लागतो. भोवतालच्या पेशी जसं सांगतात तशी ती वागते. पुण्याला राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, विद्यापीठाच्या आवारात. तिथं डॉ. वैजयंती काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली उंदरांवरचं एक काम छापलं. मज्जेतल्या तरुण शेजारपेशी बारीक बारीक पुड्या सोडतात. त्या पुड्या म्हाताऱ्या मूळपेशींना मिळाल्या, तर त्या पुन्हा तरुणासारख्या कामाला लागतात."

"मव्हं तर उलटं झालं," आक्का म्हणाल्या. "घरात तरणी सून आली अन् मव्हे गुडघे गेले."

सून आत ओट्यावर होती. भांडं जरा जोरात आपटल्याचं मला ऐकू आलं, आक्कांना नाही. त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

"पर बाई, एवढं शिकून बाईमानसानं उंदरातच जलम काढायचा का?"

आता मात्र मला राहवेना. आक्कांच्या डोक्यावर आमच्या सीताफळाची फांदी आलेली होती, तिच्यावरून बरी आठवण झाली.

"आक्का, या सीताफळावरून एक बाई कॅन्सरपर्यंत गेली, ठाऊक आहे? कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. 8 नोव्हेंबर 1917 चा जन्म, पुण्याचा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या मनात, लेकीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरच नवरा करावा."

"चुकीचं काय हाय त्यात?"

"चुकीचं काही नाही. हिनं दोन्ही केलं नाही. 1939 साली लग्न केलं ते गणितवाल्याशी, जे. टी. रणदिव्यांशी. आणि लग्नानंतर चार वर्षांनी एमएस्सी झाली, पुण्याच्या शेतकी कॉलेजातून. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं."

"शेतकी म्हंजे आपल्या कृषी विद्यापीठावानी?"

"तसंच. आपलं 1972 चं, ते कॉलेज त्याच्या कितीतरी आधीचं."

आक्कांनी वरच्या फांदीकडं पाहिलं. डोळे भरायला लागलेलं एक फळ त्यांनी नजरेनंच राखून ठेवलं, हे माझ्या लक्षात आलं.

"मग मुंबई. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालेलं. तिथं डॉ. वसंतराव खानोलकर होते, कॅन्सरच्या संशोधनाचा पाया आपल्याकडं घालणारे. त्यांच्या हाताखाली या बाईंनी 1949 मध्ये डॉक्टरेट केली. कशावर? उंदरांवर! काही वाणांच्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर फार होतो, काहींना होतच नाही, ते का? अमेरिकेत बिटनर नावाच्या माणसानं 1936 मध्येच दाखवलं होतं, की उंदरांत काही वेळा हे बाळकडू आईच्या दुधातून पिल्लाला जातं. पुढं त्या दुधात विषाणू सापडला."

"अगं माय! आईच्या दुधातून?"

"उंदरांच्या, आक्का, उंदरांच्या! ही बातमी सुनेच्या बाळंतपणात काढू नका. माणसांचं उलट आहे, अंगावर पाजणाऱ्या बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमीच असतो."

एवढं स्पष्ट सांगावंच लागतं. आक्कांकडून निघालेलं अर्धं वाक्य संध्याकाळपर्यंत जिंतूर रोडला पोचतं.

"त्यानंतर त्या गेल्या अमेरिकेला, बाल्टिमोरला. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवायची विद्या शिकायला. गुरू जॉर्ज गाय. याच माणसाच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका काळ्या बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या. ती बाई त्याच वर्षी गेली. पेशी अजून जित्या आहेत, जगभरच्या प्रयोगशाळांत."

"तिला इचारलं व्हतं का?"

"काय?"

"पेशी घेऊ का म्हनून."

"नाही विचारलं. घरच्यांनाही वीसेक वर्षांनी कळलं. त्या पेशींवर पैसा करणाऱ्या एका कंपनीनं 2023 मध्ये वारसांशी तडजोड केली."

"म्हंजे बहात्तर वर्सांनी," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी डाळीतला खडा अंगणात भिरकावला. हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांना सुचायला किती काळ गेला, ते मी त्यांना सांगितलं नाही. आधीच भिंतीपलीकडं माझी किंमत कमी.

"तर रणदिवेबाई परत आल्या आणि मुंबईत भारतातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशींना वाढायला लागणारं पातळ खाद्यसुद्धा साठच्या दशकात हाताखालच्या माणसांना घेऊन इथंच तयार केलं. ब्लड कॅन्सर, स्तनाचा, अन्ननलिकेचा, असं बरंच काम. कुष्ठरोगाच्या लशीसाठीही राबल्या. 1973 मध्ये बाई-शास्त्रज्ञांची संघटना काढली, 1982 ला पद्मभूषण मिळालं."

"लेकरंबाळं?"

"मुलगा होता."

"मंग ठीक हाय." आक्कांच्या लेखी पद्मभूषण आत्ता कुठं पक्कं झालं.

मला वाटलं विषय संपला. पण आक्का भिंतीच्या आणखी जवळ आल्या आणि आवाज उतरला. खरी बातमी आता होती. उंदरं नुसतं निमित्त.

"मागच्या गल्लीतल्या मास्तरांचा नातू हाय ना, धाकटा. त्याला तेच निघालंय. रक्ताचं. मुंबईचे डाक्टर म्हनतेत मज्जा बदला. थोरल्या भावाची जुळली."

"जुळली? नशीब म्हणायचं. सख्ख्या भावंडात चारातल्या एकाचीच जुळते."

"पर घरचे देऊ देईनात. मनक्यातून पानी काढतेत, पोरगं लुळं व्हतंय म्हनं."

"कोण म्हणतं? मणक्याला हात लावत नाहीत. काढायचीच झाली तर कमरेच्या हाडातून, भूल देऊन. हल्ली पुष्कळदा तेही करत नाहीत. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्यानं मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी काढून घेतात, बाकीचं रक्त परत अंगात. दिलेलं काही आठवड्यांत भरून येतं. अंग ठणकतं, थकवा येतो, पण लुळं नाही होत कुणी. आक्का, टाटात 1983 साली नऊ वर्षांच्या पोरीला तिच्या भावाची मज्जा दिली होती. आपल्या देशातली ती पहिली वेळ. आणि करणारे डॉ. सुरेश अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ झालेले, चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे."

"खुर्चीवरून?"

"खुर्चीवरून. त्यांना आधी मेडिकलला प्रवेशच नाकारला होता, पाय काम करत नाहीत म्हणून."

आक्का बराच वेळ गप्प राहिल्या.

"बाई, मनक्याचं नुस्तं सांगायला हाय. खरं येगळंच हाय. थोरल्याला पोरी बगायलेत. मानवतचं स्थळ आलंय. हाडातलं काढलेलं पोरगं म्हनल्यावर पोरगी कोन देतंय? मायच आडून बसली."

"धाकटाही तिचाच ना?"

"तिचाच. रातभर रडती म्हनं, अन् सकाळी पुन्हा न्हाईच म्हनती."

यावर माझ्याकडं पुस्तकातलं काही नव्हतं. मज्जा जुळते का ते रक्त तपासून कळतं. मानवतच्या पाहुण्यांचं कसं तपासणार?

"भाचीला फोन लावा," आक्का म्हणाल्या. "त्या मायशी बोल म्हनावं. कमरंचं, इंजेक्शनाचं, समदं नीट सांग म्हनावं. पोरगी तीशीची हाय, बिनलग्नाची हाय, तरी शिकल्याली हाय, तिचं ऐकंल."

"ती डॉक्टर नाही आक्का, संशोधक आहे. उपचाराचं डॉक्टरांनीच सांगितलं पाहिजे."

"मंग डाक्टरला काय काय इचारायचं तेवढं तर सांगंल? मायला त्याच्यापुढं तोंडच उघडत नसंल."

हे खरं होतं. मी फोन काढला.

"अन् सोयरिकीचं मव्ह्यावर सोडा. मानवतचे पाहुणे मव्ह्या माहेरच्या भावकीतले हायत. भावाला जीव देनारं पोरगं हाय, असं जावई हुडकून घावत न्हाई म्हनून सांगते. तरी नकोच म्हनले तर सेलूला मव्ह्या मावशीच्या नाती हायत दोन." आक्कांनी सूप उचललं. "तेवढं देवगिरीचं तिकीट आत्ताच काढा म्हनावं मास्तरांना. मुंबईला जायला रातच्या गाडीला लई गर्दी असती."