हनुवटी थोडी खाली घ्या

"रिलॅक्स व्हा."

लग्नाच्या स्टेजवर हे दोन शब्द ऐकून आजवर कुणी रिलॅक्स झालंय?

पहाटे चारला उठलेली मुलगी. कपाळावर मुंडावळ्या, नाकात दाबाची नथ, अंगावर नऊ वार, पोटात अर्धा कप चहा. डोळ्यांवर फोकस. आणि समोरून हुकूम: "ताई, नॅचरल हसा." नॅचरल म्हणजे नेमकं कसं? आणि तेही हुकमावर?

मग अल्बम येतो. नवरा शाळेच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा. नवरी दाढदुखी लपवत असल्यासारखी. घरचे पानं उलटतात आणि ठरलेलं वाक्य येतं: "तिला ना, कॅमेऱ्याची सवय नाही."

काहीतरीच!

मोबाइलवर दिवसाला दहा फोटो काढणाऱ्या मुलीला कॅमेऱ्याची सवय नाही? मैत्रिणींच्या घोळक्यात ती झकास येते. ट्रेकला, घामानं डबडबलेली असताना झकास येते. नेमकी लग्नातच ताठरते. मग खोट तिच्यात कशी? खोट आपण तिच्याभोवती जे उभं करतो त्यात आहे.

जरा मागे जाऊ. आपल्याकडे मुलीचा पहिला 'खास' फोटो कधी निघायचा? लग्न ठरवायच्या वेळी. स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यासमोर, कुंडीशेजारी, आईची ठेवणीतली साडी नेसून. त्या फोटोच्या प्रती निघायच्या आणि पत्रिकेसोबत पाकिटातून परगावी जायच्या. खाली एक ओळ असायची: पसंत नसल्यास फोटो परत पाठवावा.

आणि फोटो परत यायचा.

तो परत आला की घरात कसली शांतता पसरायची, हे आपल्या मावश्यांना, आत्यांना विचारा. त्या सांगणार नाहीत. पण चेहरा बदलेल.

आता पाकीट गेलं. बायोडेटा व्हॉट्सॲपवर जातो. फोटो परत येत नाही, नुसत्या दोन निळ्या खुणा येतात. परीक्षा तीच. 'रंग: गव्हाळ' लिहायचं की 'उजळ', यावर आजही घरात बैठक बसते. ज्या मुलीचा फोटो दोन वर्षं घरोघर तपासला गेला, तिच्यासमोर लग्नात पुन्हा कॅमेरा रोखला तर तिनं सैल कसं व्हायचं? तिच्या लेखी कॅमेरा म्हणजे निकाल.

मुलगा सुटलाय असं समजू नका. त्याला 'हात कुठे ठेवू' हा प्रश्न पडतो आणि आयुष्यात त्याला एकच उत्तर मिळालेलं असतं: "ताठ उभा राहा." तो राहतो. तलवार हातात दिली तर तीही धरतो. हसायचं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

बरं, हसणं हुकमावर येतं का? ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं निरीक्षण असं, की ओठ वर खेचणारा स्नायू आपल्या हुकमात असतो. डोळ्याभोवतीचा, पापणीखाली सुरकुती पाडणारा स्नायू मात्र खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही. फोटोतल्या नवरीचे ओठ हसतात आणि डोळे हसत नाहीत, त्याचं कारण हे आहे. "हसा की!" असं दहा वेळा ओरडलात तर ओठच आणखी ताणले जातील.

डोळ्यांना हसायला कारण लागतं. ते कुणी देत नाही.

देतात काय, तर सूचना. फोटोग्राफरच्या मागे दुसरी एक फळी उभी असते. मावशी, काकू, वन्सं, शेजारच्या वहिनी. "पोट आत घे." "दात झाक." "मेकअप पांढरा नाही ना झाला?" "इकडून बघ गं, त्या बाजूनं नाक मोठं दिसतं." सगळ्या मायेनंच बोलतात, मान्य. पण एवढी माया एका दमात झेलून कोणाचा चेहरा ताळ्यावर राहील?

त्या नाकाचंही सांगून टाकते. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं: बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. कॅमेरा जवळ, नाक आणखी जवळ, म्हणून ते फुगतं. लग्नातला फोटोग्राफर हातभर अंतरावर उभा राहत नाही. चांगला दहा फूट लांब असतो. तेव्हा पाच वर्षांच्या सेल्फींवरून ज्या नाकावर आरोप ठेवलात, ते नाक निर्दोष आहे.

"पण मी फोटोत वाईटच येते." हे वाक्य न म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे.

त्यावरही उत्तर आहे. १९७७ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. काही तरुणींचे फोटो काढले. एक प्रत सरळ, दुसरी आरशातल्यासारखी उलटी. त्यांना स्वतःला जास्त करून उलटी प्रत आवडली, मैत्रिणींना सरळ. कारण उघड आहे. आपण आपल्याला रोज आरशात बघतो, मैत्रीण आपल्याला समोरून बघते. जो चेहरा रोज दिसतो तो बरा वाटतो. तेव्हा फोटोतली ती बाई वाईट नसते, आपल्याला ती अनोळखी असते एवढंच. लग्नाचे फोटो निवडायचं काम म्हणूनच जिवाभावाच्या मैत्रिणीकडे द्यावं. तिची निवड खरी.

"माझे डोळेच मिटतात." तेही हिशोबातलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं गणित केलं आणि २००६ साली त्यांना इग नोबेल मिळालं. लोकांना हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतो तो पुरस्कार. त्यांचा नियम असा: वीसपेक्षा कमी माणसांचा घोळका आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला तीननं भागा. तेवढे फोटो काढले की त्यातल्या एकात बहुधा सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील. उजेड कमी असेल तर दोननं भागा. पंधरा चुलत-मावस भावंडं, पाच फोटो. संपलं! डोळे मिटणं हा मुलीचा दोष नाही, भागाकार आहे.

आणि फोटो काही मोजून काढायचे दिवस राहिले नाहीत. रोलमध्ये ३६ फोटो असायचे. एक खटका वाया गेला की पैसे गेले. तेव्हा आजोबा-आजी श्वास रोखून उभे राहायचे, ते बरोबरच होतं. आज एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. दहा बिघडले काय, शंभर बिघडले काय. खटका फुकट झाला, तरी आपण श्वास अजून रोखलेलाच.

श्वास सोडा. एवढं खरंच पुरतं. खांदे आपोआप खाली येतात.

आता कुठल्याही घरातला अल्बम काढा आणि कानपिळीचं पान उघडा. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान धरतोय, नवरदेव वाकलाय, नवरी तोंडावर हात ठेवून हसतेय, भटजीसुद्धा हसतायत. हा फोटो कधी वाईट आलेला पाहिलाय? मी पाहिला नाही. का चांगला येतो? कारण तिथे प्रत्येकाला काहीतरी काम असतं. कुणी कुणाला हसायला सांगितलेलं नसतं.

गौरीहराचाही तसाच. मुलगी एकटी पाटावर बसलीय, समोर अन्नपूर्णा, हातात तांदूळ, बाहेर मंगलाष्टकांची गडबड. ती कॅमेऱ्याकडे बघतच नाही. तिच्या चेहऱ्यावर त्या घडीला जे असतं ते कुठल्याही पोझमध्ये येणार नाही.

सगळं गुपित हेच. हाताला काम द्या. उपरण्याची गाठ सारखी करू द्या, एकमेकांच्या कानात काही सांगू द्या, चार पावलं चालू द्या. जाणते फोटोग्राफर हेच करतात. ते "हसा" म्हणत नाहीत, "पहिल्यांदा भेटलात तेव्हा कोण उशिरा आलं होतं?" असं विचारतात. मग दोघं एकमेकांकडे बघतात, एकमेकांवर आरोप करतात, आणि डोळ्याखालची ती सुरकुती पडते.

आणि अजाणते काय करतात? "पुन्हा एकदा हार घाला."

याचा मला मनापासून राग आहे. पंचांग उघडून मिनिटाचा मुहूर्त काढायचा. सावधान, सावधान म्हणत तो गाठायचा. अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं, हार पडले. आणि मग कुणीतरी म्हणतो, अँगल नीट आला नाही, परत. ती नजर परत येते का? हार परत येतो, नजर येत नाही. दुसऱ्या वेळच्या फोटोत दोघं अवघडलेली का दिसतात? खोटं करताना भली माणसं अवघडतातच.

नाही म्हणा. सरळ, हसून, ठाम नाही म्हणा. मुलीच्या काकांनी पुढे होऊन म्हणावं, तिच्यावर ती वेळ आणू नये.

पण मग फोटोग्राफरकडेही बघा. तो सकाळी सहापासून उभा आहे. "ए फोटोवाले, इकडे!" हे त्याचं दिवसभराचं नाव. पंगती उठतात, विहिणींना आग्रह होतो, त्याला कुणी ताट वाढत नाही. तीन वाजता तो कोपऱ्यात उभ्यानं गार जिलबी खातो. उपाशी, अपमानित माणसाच्या कॅमेऱ्यात प्रसन्न चेहरे कुठून येणार? त्याचं नाव विचारा. पहिल्या पंगतीला बसवा. संध्याकाळच्या फोटोंत फरक दिसेल.

त्याच्याशी आधी बोलाही. लग्नाच्या पंधरा दिवस आधी, मुलगा-मुलगी दोघांनी, अर्धा तास. "मला डावीकडून काढलेलं आवडत नाही", "गालावरची खूण आहे तशी राहू दे", "मिठीचे फोटो सासऱ्यांसमोर नकोत", हे त्याला तिथेच सांगून टाकायचं. प्रीवेडिंगचा खरा उपयोगसुद्धा एवढाच, की कॅमेऱ्यामागचा माणूस ओळखीचा होतो. त्यासाठी भाड्याचा गाऊन घालून किल्ल्याच्या बुरुजावर चढायला लागत नाही. ज्या कट्ट्यावर चहा प्यायलात तिथे तासभर पुरतो.

नथ घरी दोन संध्याकाळी तासभर घालून बसा, नाक सरावतं. नव्या चपला आठवडाभर घरात वापरा. घरच्या फोटोंची यादी आदल्या रात्री करा आणि सगळ्यांना नावानं ओळखणाऱ्या एका चुलत भावाच्या हातात द्या. नाहीतर नवरीच स्टेजवरून "आत्या कुठेय, आत्याला बोलवा" ओरडत बसते आणि तिच्या कपाळावरची आठी पुढच्या वीस फोटोंत राहते.

रिसेप्शनचं काय सांगावं? तीन-तीन तास दोघं उभी. रांग संपत नाही. प्रत्येक पाहुणा पाकीट अर्धं पुढे करून थांबतो आणि फ्लॅश पडल्यावरच सोडतो. दर तासाला रांग दहा मिनिटं थांबवा. पाहुणे रागावत नाहीत, आइस्क्रीमकडे वळतात. नवरीला पाणी द्या, दोन घास भरवा, खुर्चीवर बसवा. आत्मविश्वास म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातला निम्मा तर पोटात अन्न असल्यामुळे येतो.

शेवटचं. आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

एवढं सगळं पार पडतं, मुलगी छान हसते, फोटो उत्तम येतात. महिन्यानं अल्बम घरी येतो आणि त्यातली नवरी गोरी असते. हात सावळे, चेहरा दुधासारखा. कुणी सांगितलं होतं? बऱ्याचदा कुणीच नाही. कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा सवयीनं करून टाकतो, कारण पूर्वीच्या दहा घरांनी "जरा उजळ करा" म्हटलेलं असतं. त्या पानावर मुलीला काय कळतं? की तिच्या लग्नाच्या दिवशीही ती आहे तशी चालली नाही. तो परत आलेला फोटो पुन्हा एकदा परत आला.

मग पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर तिनं आत्मविश्वास आणायचा कुठून?

फोटोग्राफरशी व्यवहार ठरवताना आपण सगळं लिहून घेतो. किती पानं, कुठलं कव्हर, ड्रोन आहे की नाही, आगाऊ रक्कम किती. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा: नवरीचा रंग आहे तसाच ठेवावा.

खाली सही मुलीच्या आईनं करावी.