दहा चाळीसचा पीटर पॅन

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला माणसं मजा करायला जातात, अशी माझी समजूत होती. आमचा भाचा मंदार मात्र तिथे ड्यूटीवर हजर झाला होता. मॅजिक किंगडमच्या फाटकातून आत शिरतानाच त्याने मोबाइलवरून त्या दिवसाची मजा वाचून दाखवली : ‘‘साडेनऊचं पूह अस्वल, दहा चाळीसचा पीटर पॅन, पावणेबाराचा भुताचा वाडा. मामी, बाथरूम आत्ताच उरकून घ्या.’’

या सोयीला लाइटनिंग लेन म्हणतात. मल्टी पासचे पैसे भरले की तीन राइडच्या वेळा आधी धरून ठेवता येतात. प्रत्येकीला तासाभराची मुदत. त्या तासात पोचलात तर साधी रांग बाजूला ठेवून वेगळ्या वाटेने आत. सगळ्यात मागणी असलेल्या एक-दोन राइड यात बसत नाहीत, त्यांचा सिंगल पास निराळा. आणि दर रोज बदलता, भाजीसारखा. 1999 साली हीच सोय फास्टपास नावाने सुरू झाली तेव्हा फुकट होती. यंत्रातून कागदाची चिठ्ठी निघायची. 2021मध्ये तिला पैसे पडू लागले. 2024मध्ये नाव बदललं, पैसे राहिले.

वेळा धरायच्या त्या सकाळी सातच्या ठोक्याला. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन. मंदार शाळेत असताना त्याला सातला उठवायला घरात भांडी वाजवावी लागत, असं नणंदबाई सांगतात. इथे तो पावणेसातला आंघोळ करून फोनसमोर बसला होता.

खरी गंमत पुढे आहे. एक राइड वापरली की रिकाम्या जागी दुसरी धरता येते. त्यामुळे पाळण्यातून उतरलेला माणूस ‘कसं वाटलं?’ असं विचारत नाही. मान खाली घालून पुढची वेळ शोधतो. आमच्याबरोबर आलेल्या केतकीच्या हातातलं मिकीच्या तोंडाचं आइस्क्रीम वितळत होतं. एक कान मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेला, तरी तिचा अंगठा पडद्यावरून हलेना.

आमच्या ह्यांनी पास तत्त्व म्हणून नाकारला. ‘‘तिरुपतीला तीनशे रुपयांत साक्षात बालाजी भेटतो,’’ असं म्हणून ते पीटर पॅनच्या साध्या रांगेत जाऊन उभे राहिले. आम्ही वेगळ्या वाटेने गेलो. खांबावरच्या मिकीला मनगटातला पट्टा टेकवला, हिरवा दिवा लागला, पुढे पुन्हा एकदा टेकवला आणि छताला टांगलेल्या गलबतात बसलो. खाली रात्रीचं लंडन लुकलुकत होतं. छान होतं, पण तीनेक मिनिटांत उतरवलं.

हे बऱ्याच वेळाने बाहेर आले ते खुशीत. साधी रांग म्हणे त्या गोष्टीतल्या मुलांच्या निजायच्या खोलीतून जाते. तिथे भिंतीवर आपली सावली पडते, सावलीवर फुलपाखरं येऊन बसतात. ‘‘माझ्या टकलावर बसलं एक!’’ पैसे भरणाऱ्यांना ती खोली दिसतच नाही. भुताच्या वाड्याचंही तेच : हात लावला की वाजणाऱ्या थडग्यांची स्मशानभूमी साध्या रांगेच्या वाटेवर आहे, आम्ही तिला वळसा घालून गेलो. मंदारला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘मामी, दोनचं बघतोय, थांबा जरा.’’

तरीही माझं मत विचाराल तर गुडघे दुखत असतील त्यांनी पास घ्यावा. भर उन्हाळ्यात फ्लोरिडात तासभर उभं राहण्यापेक्षा एक फुलपाखरू हुकलेलं परवडतं. गुडघे शाबूत असतील त्यांनी या दोन रांगांत तरी खुशाल उभं राहावं.

आणि एक. उन्हाळ्यात तिथले सकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेचार, आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे चार. तिकडच्या भाच्याने ‘‘मामी, उद्या साडेचारला मोकळ्या आहात का?’’ असं लाडाने विचारलं, तर चहा चारलाच उरकून घ्या आणि त्याच्याकडून पासवर्ड नीट लिहून घ्या.