साडेसात फेऱ्या

लांब पल्ल्याची धावपटू व्हायला अंगात काही असावं लागत नाही, फक्त शंभर मीटरच्या यादीत जागा उरलेली नसावी लागते. नववीत पी.टी.चे सर वर्गात नावं घ्यायला आले, तेव्हा शंभर, दोनशे, लांब उडी, थाळीफेक सगळं तास संपायच्या आत भरलं. 3000 मीटरपुढची ओळ तेवढी कोरी. सरांनी चष्म्यावरून बाकांकडे पाहिलं. बाकीच्यांना एकदम दप्तरात काहीतरी शोधायचं होतं. माझं दप्तर नेमकं खिडकीत ठेवलेलं! बारावी होईपर्यंत मग ती ओळ माझ्याच नावावर राहिली.

साताऱ्यात सपाट रस्ता शोधून सापडत नाही, त्यामुळे सराव म्हणजे यवतेश्वरचा घाट. या घाटात दरवर्षी हिल मॅरेथॉन होते. पुण्या-मुंबईची माणसं पैसे भरून, मनगटावर महागडी घड्याळं बांधून चढतात आणि सातारकर त्यांना टाळ्या वाजवतात. मी रोज फुकट चढायचे, तर वरून कॅन घेऊन येणारा दूधवाला गाडी हळू करून विचारायचा, "ताई, काय अडचण आहे का? माघारी सोडू?" सुरुवातीला मी हसून नको म्हणायचे. पुढे पुढे दम इतका लागायचा की नुसता हात हलवायचे, आणि तो हात बघून तो खरोखरच थांबायचा. आजीचा प्रश्न याहून सरळ होता. "बये, पाठीमागं कुत्रं लागलंय का गं?" कधीकधी लागलेलं असायचंही. माझ्या सर्वोत्तम वेळा त्याच दिवशीच्या आहेत, पण त्यांची नोंद कुठल्याही महासंघाकडे नाही.

स्पर्धेत 3000 मीटर नेहमी शेवटी. सकाळी शंभर मीटरला मैदानाभोवती चेंगराचेंगरी. आमचा पुकारा होईपर्यंत फक्की पुसलेली, पाहुणे नारळ घेऊन गेलेले, आणि मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत असतो. चारशे मीटरच्या मैदानाच्या साडेसात फेऱ्या. त्यातली अर्धी फेरी ही मोजणाऱ्या गुरुजींची कायमची डोकेदुखी. एका वर्षी चहा आला आणि कागदावरची एक उभी रेघ राहून गेली. त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी साडेआठ फेऱ्या पळालो. तक्रार कुणीच केली नाही, कारण तक्रार करायला श्वास लागतो.

आमच्या जिल्ह्याची खरी अडचण म्हणजे माणदेश. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तोही 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उड्या मारून. माझ्या वाटेत अडथळा नाही, पाणी नाही, तरी मला साडेबारा मिनिटांच्या वर लागायची. ललिता रिओत पळाली तेव्हापासून माणच्या प्रत्येक पोरीला वाटतं की पळणं हा आपला सातबारा आहे. त्यातल्या एकीला मी दरवर्षी भेटायचे. भेटायचे म्हणजे तिची वेणी बघायचे. लाल रिबीन, दुहेरी पेड, टोकाला काळं रबर. पहिल्या फेरीत ती वेणी हाताच्या अंतरावर असायची, दुसरीत गोलपोस्टजवळ, चौथीत समोरच्या बाजूला. बक्षीस घेताना ती पहिल्यांदा वळली, तेव्हा तिला चष्मा आहे हे मला कळलं.

तिच्यामुळेच मी पेपरात आले. अकरावीत ती फीत छातीवर घेत होती आणि बरोब्बर त्याच क्षणी मी तिच्या खांद्याला खांदा लावून रेषेवर पोचले. फक्त माझी एक फेरी बाकी होती. फोटोत फेरी दिसत नाही. दिसतात त्या दोन पोरी, जिवाच्या आकांताने पळणाऱ्या, मध्ये वीतभर अंतर. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी तशीच पुढे पळत सुटल्यावर कुणीतरी ओरडलं, "अगं, झालं की! थांब!" पप्पांनी ते कात्रण फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. पाहुण्यांना सांगतात, "थोडक्यात गेलं." आई त्या वेळी पोहे आणायला आत जाते. ती मैदानावर हजर होती.

बारावीचा निकाल लागल्यापासून घरात माझ्या पायांवर चर्चा सुरू आहे. खेळाच्या वाढीव गुणांचा विषय काकूने काढून पाहिला, पण त्यासाठी फोटो पुरत नाही. मामा म्हणतात, पोलीस भरती दे, मुलींना 800 मीटरच असतं. मामांना कोण सांगणार की 800 मीटरला माझं अंगही तापलेलं नसतं? दोन फेऱ्यांत काय होणार! माझं सगळं कर्तृत्व पाचवीपासून पुढे, जेव्हा कुशीत कळ येते, तोंड कोरडं पडतं आणि बघणारं कुणी उरत नाही. तिथे मी कधीच थांबले नाही. हे कुठल्या अर्जात लिहायचं, तो रकाना मला अजून सापडलेला नाही.

कॉलेजचा फॉर्म मात्र भरलाय. विद्यापीठाच्या स्पर्धांत मुलींना 10,000 मीटरही असतं. पंचवीस फेऱ्या. माझा हिशेब झाला आहे: त्या वेणीने तिथेच प्रवेश घेतला, तर ती मला निदान तीनदा गाठणार. म्हणजे तीन फोटो.