आधी कोंबडी दाखवा

कडकनाथ पाळणाऱ्याला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "काळी अंडी आहेत का?" नसतात. कातडी काळी, मांस काळं, हाडांवरसुद्धा काळपट झाक. अंडं मात्र फिकट तपकिरी, चारचौघांसारखं. हे सांगितलं की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर फसवणुकीचा संशय उमटतो. झाबुआच्या या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती एकदम औषधात जमा झाली. ती गुडघ्यांवर रामबाण आहे असं लोक मला सांगतात. ते ऐकतानाही माझे गुडघे दुखत असतात.

कुडाळजवळच्या आमच्या वाडीत तीन घराणी नांदतात: कडकनाथ, असील आणि आमच्या कोकणातली गावठी. गावठीत एक कोंबडा उलट्या पिसांचा आहे. कितीही निगा राखा, आत्ताच वादळातून आल्यासारखा दिसतो. तिघांत रोटीव्यवहार चालू, बेटीव्यवहार बंद. जात टिकवायची म्हणजे मुख्य काम हेच, बाकी दाणापाणी कुणीही करतं.

आणि हे काम शेजारच्या तात्यांच्या कोंबड्यामुळे माझ्या नशिबी चोवीस तासांचं झालं आहे. तो गिरिराजाच्या वंशातला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ही दांडगी जात. अंगाने जड असल्यामुळे त्याला कुंपणावरून उडता येत नाही; पण कुंपणातलं भोक माझ्याआधी त्याला सापडतं. आता कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणजे भेट पाच सेकंदांची, आणि पुढचे तीन आठवडे त्या कोंबडीच्या अंड्यांच्या बापाचा भरवसा नाही. ती सगळी अंडी आम्लेटात. घरात लागोपाठ आम्लेट व्हायला लागलं की बायको समजते, भोक पुन्हा पडलं. तात्यांना यातलं गांभीर्य कळत नाही. "चेडू पळान गेल्यासारख्या तोंड कित्याक केलंस?" म्हणाले.

या घराण्यांचा खरा आधारस्तंभ म्हणजे खुडूक कोंबडी. कडकनाथला आईपणाची फारशी हौस नाही. अंडं घातलं की कर्तव्य संपलं. मग तिची अंडी गावठीखाली. ती २१ दिवस अंग फुगवून बसते, हात पुढे केला तर घशातून गुरगुरते आणि मनगटावर नेमकी मऊ जागा शोधून चोच मारते. दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, धुळीत लोळते आणि पुन्हा येऊन चोचीने एकेक अंडं पोटाखाली ओढून घेते. सातव्या-आठव्या रात्री अंडं टॉर्चवर धरलं की आत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा ठिपका दिसतो. पुढे खालून काळीकुट्ट पिल्लं निघतात. कोंबडीला त्यात काही खटकत नाही. बघायला येणाऱ्यांना मात्र खटकतं.

पोल्ट्रीत याच गुणाला दोष म्हणतात, कारण खुडूक बसलेली अंडी देत नाही. निवड करकरून त्यांनी तो काढून टाकला. आता तिथली कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते आणि त्यांच्यावर बसायचं असतं हेच विसरली आहे. आमची गावठी साठ-सत्तरावर थांबते. गावातही खुडूक मोडायला कोंबडीला थंड पाण्यात बुडवतात, नाकपुडीत पीस खुपसतात. आमच्याकडे तिला बाळंतिणीची वागणूक असते, असं बायको म्हणते. तिच्या स्वरात थोडी तुलना असते.

मानमोडीची लस, मुंगूस, घार हे सगळं आहेच. पण खरी अडचण कोंबड्यांची, म्हणजे नरांची. पिल्लांत निम्मे नर निघतात आणि आठ-दहा माद्यांना एक पुरतो. उरलेले पहाटे चारपासून एकमेकांना आव्हानं देतात. त्यात असील असेल तर नुसत्या आव्हानावर भागत नाही. थोडक्यात, वंश टिकवायचा तर वंशातले बरेच जण खावे लागतात. पाहुण्यांना हे तत्त्वज्ञान पटकन कळतं. गटारी जवळ आली की माझ्या संवर्धनकार्याची चौकशी करणारे फोन वाढतात. एका नराला मी हौसेने नाव दिलं, तेव्हा तात्या हळहळले, "नाव ठेवलंस? मगे आता खातलंस कसो तेका?"

उलट्या पिसांच्या कोंबड्याला तर वेगळंच गिऱ्हाईक. देवदेवस्की करणाऱ्यांत त्याला मोठा मान. मान म्हणजे काय ते त्याला कळलं असतं तर तो माझ्यापेक्षा जास्त दचकला असता. परवा एक गृहस्थ अंगणात येऊन बसले. कोंबडा पाहिला, किंमत विचारली. विकायचा नाही म्हटलं. दुप्पट देतो म्हणाले. नाही म्हटलं. अडीचपट. मी म्हटलं, मग पिसं उलटी असलेली पिल्लं पुढच्या वर्षी कुठून आणू? ते विचारात पडले. चहा संपेपर्यंत त्यांनी माझा मुद्दा मान्य केला आणि स्वतःचा मांडला: त्यांच्या घरीही एक तशीच कोंबडी आहे, ती आठवडाभर इथे आणून सोडली तर?

मी म्हटलं, "आधी कोंबडी दाखवा. आणि तुमच्या शेजाऱ्यांचा कोंबडा कसला आहे?"