हत्ती चालेल, कुत्रं नको

शेजाऱ्याचा हत्ती सातपुड्यातल्या काठी गावच्या एखाद्या शेतात शिरला, तर घाबरायचं कारण नाही. गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ सालचा कायदा तयार आहे. हत्तीला धरावं, कोंडवाड्यात घालावं, मालकानं दंड आणि चाऱ्याचे पैसे भरले की सोडून द्यावं. उंटाचीही सोय आहे. म्हैस, घोडा, घोडी, शिंगरू, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढा, मेंढी, कोकरू, शेळी, करडू, सगळ्यांची नावं त्या यादीत नीट लिहिली आहेत. कोकरू आणि करडू वेगळी सांगण्याइतका तो कायदा बारकाव्याचा. यादीत नाही ते कुत्रं. कुणी म्हणेल, कायदा पिकांसाठी आहे, कुत्रं थोडंच ज्वारी खातं? कबूल, खात नाही. ते ज्वारी राखणाऱ्या कुत्र्याचा कान खातं. राखणदार लंगडत घरी बसला की ज्वारी कुणीही खावी, त्यात रानडुकरं आली, आणि आला तर अर्थात तो यादीतला हत्तीही. अक्कलकुवा तालुक्यात हत्ती पाळणारा शेजारी कुणाच्या नशिबी येईल तेव्हा येवो, त्याची तजवीज दीडशे वर्षांपूर्वीच झालेली आहे. रोज संध्याकाळी टेकाड उतरून येणाऱ्या शेजाऱ्याच्या तांबड्या कुत्र्याचं काय करायचं, हे मात्र अजून ठरायचं आहे.

नवे कायदे जुन्यांहून कनवाळू असतील, म्हणून तिथं पाहावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फक्त धोका माणसाच्या जिवाला हवा, किंवा माणसाला गंभीर दुखापत होण्याचा तरी हवा. म्हणजे कुत्र्यांच्या भांडणात न्याय हवा असेल तर मालकानं मध्ये पडून स्वतःला कडकडून चावून घ्यावं. तुम्ही चिडून दगड मारलात आणि त्या तांबड्याचा पाय कायमचा अधू झाला, तर कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत. तेही योग्यच, मुक्या जनावराला जायबंदी करणं गुन्हाच असायला हवा. पण १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात छळाच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आता कोंबडीसुद्धा येत नाही! इतकी वर्षं त्या आकड्याला कुणी हात लावला नाही, आणि वर प्राणिप्रेमाची भाषणं ऐकून घ्यायची.

तेव्हा कायद्याचा नाद सोडून शेजाऱ्याकडे वळावं. हा शेजारी तुम्हाला ठाऊक आहे. रात्री त्याच्या आवारात कुणी पाऊल टाकलं की कुत्रं त्याचं असतं, आणि सकाळी तुमच्या कुत्रीचं मानगूट फाटलेलं दिसलं की, ‘आमचं नाही ते, इथं राहतं एवढंच.’ भाकरी त्याची, ओसरी त्याची, राखण त्याची, चावा मात्र बेवारस. अशी मालकी जमिनीच्या बाबतीत चालली असती तर तलाठ्याची निम्मी कामं मिटली असती. मूळ दुखणं कुत्र्याच्या स्वभावात नाही, या सोयीच्या मालकीत आहे. जनावर कुणाचं हे कबूल नसेल तर त्याला लस कोण टोचून घेणार, भाद्रपदात आवरणार कोण, आणि त्यानं फाडलेल्या जखमेचं औषध कोण आणणार?

शहरातला शहाणा इथं तीन उपाय सुचवतो: साखळी, कुंपण, प्रशिक्षक. प्रशिक्षकाबद्दल न बोललेलं बरं. सातपुड्यात घरं एकमेकांना चिकटून नसतात, जो तो आपल्या शेतात, आपल्या टेकाडावर. कुंपण घालायचं तर डोंगरालाच घालावं लागेल. राहिली साखळी. या भागात बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रं त्याच्या आवडीचं. रात्री बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. शिवाय बांधलेलं कुत्रं शेळ्यांमागे जाणार कसं? इथलं कुत्रं मोकळंच असणार, हे मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे.

दुसरा आक्षेप गावातलाच, आणि तो वजनदार आहे: कुत्री भांडणारच, माणसांनी त्यात कशाला पडावं? दोन कुत्र्यांनी हद्दीवरून गुरगुरण्यापुरतं हे खरं आहे. पण पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रोग चाव्यावाटे पसरतो. आज तुमच्या कुत्र्याला चावा, उद्या त्याच्या गळ्यात हात टाकून बसणाऱ्या पोराला. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. चावल्याबरोबर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लशीचा पूर्ण क्रम घ्यायचा, पुन्हा पुन्हा जाऊन. पाड्यावरून दवाखाना गाठणं ज्यांना ठाऊक आहे त्यांना या ‘पुन्हा पुन्हा’चा अर्थ समजावून सांगायला नको. यापेक्षा कुत्र्याला वर्षातून एकदा टोचणं स्वस्त. पण टोचायला मालक लागतो, आणि तो तर कुत्र्याला ओळखतच नाही!

मालक ठरवण्याचा अधिकार आहे कुठं? १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला तंटे रूढीप्रमाणे सोडवण्याची मुभा दिली आहे, आणि हा तालुका अनुसूचित क्षेत्रातच येतो. तिनं एकच ठराव करावा: ज्याची भाकरी, त्याचं कुत्रं, आणि कुत्र्याची लसही त्याचीच जबाबदारी. ठरावानं काय होतं, असं विचारणाऱ्यांनी इथल्या राजवाडी होळीकडे पाहावं. पालनी, म्हणजे होळीचं व्रत, धरणारे अनवाणी राहतात, खाटेला शिवत नाहीत, आणि त्यांच्यावर शिपाई नेमावा लागत नाही. जो समाज इतकं पाळतो, त्याला एक कुत्रं कबूल करणं जड जाऊ नये.

शेवटचा आक्षेप शेजाऱ्याचाच येणार: असं असेल तर मी त्याला भाकरीच घालणार नाही, हाकलून देईन. हाकलावं की. उपासमारीनं हाल होतील अशा रीतीनं विनाकारण जनावर सोडून देणं याच १९६०च्या कायद्यात गुन्हा आहे, आणि त्याची किंमत आपण वर पाहिलीच. ती परवडली, तरी तांबडं पलीकडच्या पाड्यावर जाऊन बसेल, तिथं कुणीतरी त्याला भाकरी घालेल आणि मग तोच ठराव त्या पाड्यालाही करावा लागेल.