शिव शिव, टर्मिनलात स्मायली!

ऐकलंत का? काळ्या पडद्यावर कमांड बडवण्यात ज्यांची हयात गेली, डेस्कटॉपवर चित्र लावणंही ज्यांना चैन वाटायचं, ती लिनक्सवाली मंडळी आता रात्री दोन वाजता रंगीत इमोजी बसवत बसलेली असतात! कुठे नेऊन ठेवलंय जग?

बसवायला म्हणे एक ओळ पुरते. उबुंटूत 'फॉन्ट्स-नोटो-कलर-इमोजी', आर्चवर 'नोटो-फॉन्ट्स-इमोजी'. एंटर मारला की दहाएक एमबी पिवळी तोंडं घरात. आणि 2018च्या उबुंटू 18.04पासून तर तेवढंही करायला नको, फॉन्ट आयताच येतो. मग गप्प बसावं ना? छे! गप्प बसला तर तो लिनक्सवाला कसला?

कारण हसरा चेहरा काळापांढराच दिसतो. पंगतीत आगंतुकाने पहिलं पान धरावं तसा 'देजाव्हू सान्स' आधीच येऊन बसलेला, आणि त्याच्याकडेही स्मायली आहेत, पण बिनरंगाच्या. त्याला उठवायचं म्हणजे फॉन्टकॉन्फिगची एक्सएमएल फाइल लिहा, नावाआधी नंबर घाला, 'एफसी-कॅश' चालवा. जोशात इमोजीला सगळ्यांच्या पुढे ढकललं की वर घड्याळातले आकडे हातपाय पसरतात! का? तर चौकोनी बटणवाल्या इमोजींसाठी शून्य ते नऊ हे आकडेही त्याच फॉन्टात भरलेले. एका हसऱ्या तोंडापायी वेळ बघायची सोय गेली. पण हौसेला मोल आहे का?

आणि ते 'डीडब्ल्यूएम'वाले! कमीत कमी कोडचं सोवळं पाळणारे! ब्राउझरच्या खिडकीच्या मथळ्यात एक रंगीत इमोजी आला की यांचा अख्खा विंडो मॅनेजर आडवा. दोष होता एक्सएफटी लायब्ररीचा. यांनी काय केलं? कोडमध्ये रंगीत फॉन्टलाच बंदी! वा रे वा! आणि भक्तांनी काय केलं? बंदी उठवली, गुपचूप ठिगळ लावलेली लायब्ररी आणून बसवली. 2022मध्ये एक्सएफटी 2.3.5ने रंग अधिकृतपणे पदरात घेतले तेव्हा सगळ्यात मोठा सुस्कारा कोणी सोडला असेल, सांगायला हवं?

पॅकेज बांधणाऱ्यांची तऱ्हा तर विचारूच नका. तयार फाइल घेतील तर बाट लागेल, म्हणून हजारो चित्रं मुळापासून दाबत बसायची, पंखा घोंघावतोय, पण निष्ठा अभंग. मग परवान्याचा कीस. मग वाद, की 136 बाय 128 पिक्सेलची चित्रं मोठी केली की फुटतात, तेव्हा नवा वेक्टर फॉन्ट घ्यावा की नाही? (दिसतो तो मेला चॅटच्या ओळीत, नखाएवढा.) आणि 2017त गूगलने अँड्रॉइडमधून हाकललेल्या त्या पिवळ्या लोळागोळ्यांसाठी अजून सुतक पाळणारे? त्यांचं वेगळंच पॅकेज आहे, 'ब्लॉबमोजी'!

आता तुम्ही मान हलवताय, 'आम्ही नाही बुवा त्यातले.' बरं! मग उघडा टर्मिनल आणि आमच्यासमोर 'एफसी-मॅच इमोजी' मारून दाखवा. आणि हो, परवाच्या त्या कमिटमध्ये झुरळ कोणी चिकटवलं होतं हो?